पंख शिवणाऱ्या बायका

ऐकायला उलटं वाटेल, पण ज्या महिन्यात आयर्लंडमधल्या आमच्या शॅननच्या विमानतळावर कधी नव्हे इतकी विमानं जमली, त्याच महिन्यात विमानं दुरुस्त करणाऱ्या आम्हा लोकांना घरी बसवलं. २०२० चा मार्च होता. जगभरची उड्डाणं थांबली होती आणि ज्यांना कुठंच जायचं नव्हतं अशी विमानं आमच्याकडे येऊन रांगेनं उभी राहत होती, इंजिनांच्या तोंडांवर झाकणं लावून. न उडणारं विमान झिजत नाही, आणि न झिजणाऱ्या विमानाला माझ्यासारखीची गरज नसते. मी पंखांच्या कार्बन फायबरच्या भागांची दुरुस्ती करायचे. पक्षी आपटून पडलेले पोचे, गारांचा मार, कडेचे तडे, असलं सगळं.

नवरा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात. त्याला उलट श्वास घ्यायला फुरसत नव्हती. घरी मी, दुसरीतली मुलगी, आणि आई. आई फेब्रुवारीत कराडहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि अडकली होती. सरकारनं सगळ्यांचे व्हिसा आपोआप वाढवले, त्यामुळे कागदांची काळजी नव्हती. पण आईला करमत नव्हतं. कराडला तिचा शिवणक्लास होता. तिशीपासून साठी ओलांडेपर्यंत तिनं बायकांना ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिकवले होते. इथं ती खिडकीपाशी बसून खाडीकडे बघायची आणि म्हणायची, "एक इमान उडंना की गं. आता आमी जायचं कसं?"

आमच्या शेजारी एक जर्मन बाई एकट्या राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा अंबाडा. नवऱ्याबरोबर त्या तरुणपणी शॅननला आल्या. इथल्या वसाहतीत तेव्हा जर्मन कारखाने नुकते येत होते. नवरा तिथं यंत्रं बसवायचा. तो दोन-तीन वर्षांपूर्वी गेला. आम्ही घरात त्यांना जर्मन आजी म्हणायचो, समोरासमोर मात्र आयरिश रीतीप्रमाणे नुसतं नावानं. आमची ओळख म्हणजे कुंपणावरून हवापाण्याच्या चार गोष्टी, एवढीच.

लॉकडाउन लागलं आणि सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं गेलं. मी त्यांचं वाणसामान आणायला लागले. पिशव्या दाराशी ठेवायच्या, बेल वाजवायची आणि मागं फाटकापर्यंत सरकायचं. एकदा त्या म्हणाल्या, "बटाटे जड आहेत, गॅरेजमध्ये ठेवशील? मी दार उघडून बाजूला होते."

गॅरेजचं दार वर गेलं आणि मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. आत गाडी नव्हती. सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला, भिंतीपासून दारापर्यंत पोचणारा एक पंख होता. लाकडाचा. नुसता सांगाडा: दोन लांब आडवे दांडे, आणि त्यांच्यावर ओळीनं बसवलेल्या पातळ, वक्र फासळ्या. माझं सगळं काम पंखांवरचं, पण इतका नागवा पंख मी कधी पाहिला नव्हता. आम्ही ज्याला हात लावतो ते साच्यात दाबून, भट्टीत भाजून आलेलं असतं. कोणाच्या हातानं ते झालंय असं वाटत नाही. इथं प्रत्येक फासळीवर रंधा फिरवल्याच्या खुणा दिसत होत्या.

"माझ्या नवऱ्यानं केला," आजी दारातून म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या विमानाचा आहे. म्हणजे तसा. कापड घालायचं राहिलं."

"तुमचे आजोबा वैमानिक होते?"

"छे. सुतार होते. कपाटं करायचे."

ती गोष्ट त्यांनी मला एका दमात सांगितली नाही. वसंतभर, मी बागेच्या एका टोकाला आणि त्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून, तुकड्यातुकड्यांनी सांगितली. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. उत्तर जर्मनीतल्या सपाट मुलखातलं एक गाव. तिथं त्यांच्या आजोबांचं फर्निचरचं दुकान होतं. गावात एक सायकलच्या शर्यती मारणारा तरुण होता. त्यानं फ्रान्समध्ये विमान उडताना पाहिलं आणि तो डोकं फिरल्यासारखा परत आला. दुकानात येऊन आजोबांना म्हणाला, मला उडणारं यंत्र बनवायचंय, लाकूडकाम तू कर. आजोबा म्हणाले, मी कपाटं करतो, ती जागची हलू नयेत एवढंच मी बघतो. मागच्या खोलीत त्यांची बायको, म्हणजे यांची आजी, गाद्यांच्या खोळी शिवत होती. तिनं तिथूनच विचारलं, "आणि कापड कुठलं घालणार आहात?"

"बस," आमच्या जर्मन आजी म्हणाल्या, "त्या दिवशी कंपनी सुरू झाली. पाटीवर दोन पुरुषांची नावं होती. पण माणसं तीन होती."

पहिलं यंत्र उडालं, म्हणजे एका बटाट्याच्या शेतावरून उडी मारून पलीकडच्या आलुबुखारच्या बागेत घुसलं. सायकलवाला झाडात उलटा लटकला. सगळं गाव धावलं. आजी शिडी घेऊन आली, वर चढली आणि आधी फाटलेला पंख चाचपून बघायला लागली. "शिवण उसवलेली नाही," ती म्हणाली. "कापड फाटलंय, शिवण नाही."

"बाई," तो उलटा लटकलेला म्हणाला, "आधी मला उतरवा."

हे सांगताना आमच्या आजी इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मग म्हणाल्या, "ते चांगले दिवस होते. पुढं लढाई झाली."

जूनमध्ये निर्बंध सैल झाले. आजींनी मला सरळच विचारलं, "तू पंख दुरुस्त करतेस. हा पुरा करायला मदत करशील? माझी बोटं आता पहिल्यासारखी वळत नाहीत." मी हो म्हटलं, कारण मला काहीतरी हातात हवं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सकाळी उठायचे ती कशासाठी हेच कळत नव्हतं. पण लगेच लक्षात आलं की मला शिवता येत नाही. शिवणक्लासवालीची मुलगी असून मी साधं हेमिंगही धड करत नाही. लहानपणी आईनं शिकवायचा प्रयत्न केला होता आणि दोघींनी मिळून तो सोडून दिला होता.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "इमानाचा पंख? कापडाचा? आन् त्यात मानूस बसायचा?" मग थोडा वेळ भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, "कापड कसलं हाय ते तरी बगू."

कापड होतं जाड, करडट रंगाचं लिनन. आजींच्या नवऱ्यानं ते आयर्लंडच्या उत्तर भागातल्या एका जुन्या विणकाम गिरणीतून मागवून ठेवलं होतं. आईनं ते बोटांत चोळलं, उजेडात धरलं, वास घेतला. "हे कशाचं म्हनायचं?" मी फोनवर शोधून सांगितलं, "जवसाच्या झाडाचं. त्याच्या देठाच्या धाग्याचं."

"जवस? आपल्या चटणीचं?"

"तेच."

आई थक्क झाली. आजींना सांगितलं की आमच्याकडे याच्या बिया भाजून, लसूण-तिखट घालून चटणी करतात, तर त्याही थक्क झाल्या. दुसऱ्या दिवशी आईनं कुंपणावरून चटणीची वाटी दिली. आजींनी ती पावावर लोण्याबरोबर लावून खाल्ली. आईला ते बघवलं नाही. आजी म्हणाल्या, त्यांची आजी सांगायची की लढाईच्या आधी पंखांसाठी आयर्लंडचं लिनन आलंय असं कळलं की ती दुकान बंद करून ते बघायला जायची.

कापडाची आधी शिवणयंत्रावर खोळ करायची होती. उशीच्या अभ्र्यासारखी, एका टोकाला उघडी. ते काम आईनं गॅरेजमध्ये उघड्या दारापाशी बसून आठवड्याभरात उरकलं. एकदा तिनं शिवणीची जोड आपल्या सवयीनं एका कडेला घेतली, आणि आजींनी कात्री घेऊन ती सरळ उसवली. घरी आल्यावर आईनं भांडी जरा जोरात ठेवली. "उसवायचं तर उसवा की. पन इचारून उसवावं मानसानं. मी काय लहान हाय?"

मी हे आजींना सांगितलं. जर्मन माणसाला अशी गोष्ट सरळ सांगितलेली चालते, हा एक फायदा. त्या लगेच आल्या, कुंपणापाशी उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "माफ करा. माझी आजी माझी शिवण अशीच उसवायची. मला फार राग यायचा." मी भाषांतर केलं. आई विरघळली. "मी पन पोरींची अशीच उसवायचे," ती म्हणाली. त्यानंतर आजी उसवण्याआधी आईकडे बघायच्या आणि आई मान हलवायची.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. पण यावेळी सरकारनं एक सोय केली होती: एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेता येत होतं. त्याला सगळे 'बबल' म्हणायचे. आजींचा मुलगा जर्मनीत. त्यांनी आमचं घर निवडलं. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे त्या आता आपल्या घरातल्या." मी म्हटलं, कायद्यानं तसंच.

आम्ही खोळ सांगाड्यावर चढवली. तिघी मिळून, ओढत, फुंकत, जाड माणसाला घट्ट सदरा घालावा तशी. मग कापडाला 'डोप' नावाच्या द्रावणाचा पहिला हात दिला, ज्यानं कापड आवळून फासळ्यांवर ताणलं जातं. त्याचा वास इतका उग्र की दार उघडं ठेवून, कोट घालून काम करावं लागे. हा भाग माझा होता; यात मला दोघींपेक्षा जास्त कळत होतं आणि त्या माझं ऐकत होत्या. सकाळी येऊन मी कापडावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला.

आता खरी शिवण. कापड प्रत्येक फासळीला हातानं बांधायचं असतं, नाहीतर हवेच्या ओढीनं ते वर उचललं जातं. त्यासाठी आम्ही पंख त्याच्या लांब कडेवर उभा केला. एक बाई एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला. हातभर लांब सुई या बाजूनं टोचायची, त्या बाजूच्या बाईनं ओढून घ्यायची, फासळीच्या पलीकडून परत पाठवायची, गाठ मारायची. मधे पंखाची भिंत. त्या काळात दुकानांत गल्ल्यांवर काचा लावलेल्या असायच्या, तसंच काहीसं.

पहिला टाका घालायचा त्या सकाळी मी थोडी उशिरा गेले. मुलीला शाळेत सोडायचं होतं. जाऊन बघते तर आई पंखासमोर उभी. हातात घरून आणलेली हळदकुंकवाची कोयरी. आणि पंखाच्या करड्या कापडावर, बरोबर मध्यावर, कुंकवानं काढलेलं स्वस्तिक. चारी खणांत चार टिंबं.

कोणतंही नवं काम असं सुरू होतं. मशीन आणलं की, वही उघडली की, गाडी घेतली की. आईला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मला मात्र दिसत होतं ते एवढंच. जर्मन विमानाचा पंख, आणि त्यावर हे.

आजी पलीकडच्या बाजूनं फिरून आल्या. त्यांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा कापडासारखा झाला. त्या ओरडल्या नाहीत. हातातला दोरा खाली ठेवला, स्वयंपाकघराच्या दारातून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"काय झालं त्यांना?" आई म्हणाली. "बरं वाटंना का?"

मी आईला सांगायला लागले. पहिल्यांदा ती चिडली. "देवाचं चिन्ह हाय ते. त्यांनी वाईट केलं म्हनून आमचं चिन्ह वाईट झालं व्हय?" मी म्हटलं, नाही झालं आई, पण त्या लहान होत्या तेव्हा त्यांच्या आभाळातून जी विमानं जायची, त्यांच्या शेपटीवर हे होतं. त्यांचे वडील त्या दुसऱ्या लढाईतून परत आले नाहीत. हे मला आजींनी उन्हाळ्यात कधीतरी, दुसरंच काही सांगता सांगता, एका वाक्यात सांगितलं होतं.

आईनं कोयरी खाली ठेवली. मग म्हणाली, "ती लढाई आम्हाला होती की गं शाळेत. चित्रबी होतं पुस्तकात. माज्या ध्यानातच आलं न्हाई." तिनं पदर ओला केला आणि पुसायला लागली. द्रावणाच्या हातामुळे बरंचसं निघालं, पण कापडावर फिकट गुलाबी डाग राहिला.

तेवढ्यात आजी बाहेर आल्या. त्यांनी आईचा हात धरून थांबवला. बबल झाल्यावरसुद्धा त्या दोघींनी एकमेकींना आजवर हात लावला नव्हता.

"मला माहीत आहे ते तुमचं आहे," त्या सावकाश म्हणाल्या, मला भाषांतराला वेळ देत. "तुमच्या दारावर मी ते रोज बघते. दारावर असू दे. मला त्याचं काही वाटत नाही. फक्त पंखावर नको. पंखावर मला बघवणार नाही."

आई म्हणाली, "सांग त्यांना, चुकलं माजं."

"चुकलं नाही," आजी म्हणाल्या. "तुम्ही चांगलं व्हावं म्हणून काढलंत. आमच्या लोकांनी ते कशासाठी काढलं होतं?" मग त्या खुर्चीवर बसल्या आणि लढाईचा उरलेला भाग त्या दिवशी त्यांनी सांगितला. म्हणजे पहिल्या लढाईचा, त्यांच्या आजीच्या वेळचा. सैन्याची मागणी आली आणि दुकानामागच्या खोलीची मोठी शेड झाली. गावातल्या मुली पंख शिवायला आल्या. त्यांचे भाऊ आघाडीवर होते. मुली गाणी म्हणत शिवायच्या. शिवून झाला की पंख अंगणात जायचा आणि तिथं एक रंगारी त्यावर काळा क्रूस काढायचा. त्यांच्या आजीनं अंगणात जाणं बंद केलं. ती म्हणायची, माझ्या दारातून जातो तोवर तो पंख असतो. सायकलवाला वर्षभरानं स्वतः आघाडीवर उडायला गेला आणि परत आला नाही. लढाई हरल्यावर जर्मनीला विमानं करायची बंदी झाली. शेडमध्ये उरलेली यंत्रं कुऱ्हाडीनं फोडावी लागली. आजोबांनी ती स्वतः फोडली, आणि दुसऱ्या दिवशी कपाटं करायला बसले.

"माझ्या आजीला या कामाचा अभिमान होता आणि लाजही होती," त्या म्हणाल्या. "तिनं मला हा टाका उशांवर शिकवला. विमानाचा आहे हे कितीतरी वर्षांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याला मी म्हटलं होतं, तू बनव, पण लढाईच्या आधीचा बनव. शेतावरून उडी मारली तो."

आईनं हे सगळं ऐकलं. मग कोयरीचं झाकण लावलं आणि विचारलं, "मग सुरवात कशानं करायची? काहीतरी पायजे की. तुमच्यात काय करत्यात?"

आजींनी विचार केला. आत गेल्या आणि केकचा एक तुकडा आणि तीन कप कॉफी घेऊन आल्या. "आमच्यात हे," त्या म्हणाल्या. आई कॉफी पीत नाही. ती प्याली.

त्या गुलाबी डागावर पुढं फासळीची पट्टी बसली. मी मापानं बघितलं होतं, ती तिथंच येणार होती.

हिवाळाभर शिवण चालली. जानेवारीत साथ फार वाढली आणि बाहेरून रोज वाईट बातम्या येत होत्या. कराडला आईच्या ओळखीतली दोन माणसं गेली. त्या दिवसांत आई पंखाशी जास्त वेळ बसायची. दुपारी साडेचारला अंधार पडायच्या आत दिवसाचा वाटा संपवायचा असा दोघींचा नेम होता. मी मधेमधे जाऊन ताण तपासायचे, पट्ट्या चिकटवायचे. बाहेरूनच आवाज यायचा. आई म्हणायची "घ्या." पलीकडून "या." जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो' हे आईला मी सांगितलं नव्हतं. ती समजत होती की आजी मराठीत 'या' म्हणताहेत, सुईला बोलावताहेत. कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय वेगळं झालं? सुई आली की."

एकदा माझी मुलगी शाळेचं काम संपवून बघायला आली. आईनं विचारलं, कसं दिसतंय? ती तिच्या आयरिश सुरात म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी." इथं ग्रँड म्हणजे नुसतं 'बरं आहे'. जर्मन आजी पंखाच्या मागून म्हणाल्या, "ग्रँड चालणार नाही. सरळ आहे का ते सांग." ती वाकून बघून म्हणाली, "वन इज वोंकी," म्हणजे एक टाका वाकडा. तो टाका आजींचा निघाला. आईनं कात्री घेतली, आजींकडे बघितलं आणि त्यांनी मान हलवली.

वसंतात आजींना लस मिळाली, मग आईला. आजींनी लसीच्या दिवशी लाल लिपस्टिक लावली होती आणि वर मास्क. "कोणाला दिसणार?" मी विचारलं. "मला माहीत आहे ना," त्या म्हणाल्या.

पंख पुरा झाला तो मे महिन्यात. शेवटचा हात दिल्यावर तो मधाच्या रंगाचा दिसायला लागला, आतल्या फासळ्या उजेडात सावलीसारख्या दिसायच्या. आता तो ठेवायचा कुठं? आजींच्या मुलाच्या ओळखीनं नास गावाच्या बाजूचे एक गृहस्थ आले. त्यांचं जुन्या यंत्रांचं खासगी संग्रहालय होतं. मोठे सभ्य. पंखाभोवती हळूहळू फिरले, टाके बघून म्हणाले, असं काम आता कोणी करत नाही. मग म्हणाले, "आम्ही आनंदानं घेऊ. फक्त वर काळा क्रूस रंगवून घ्यावा लागेल. लोकांना त्याशिवाय कळत नाही कोणत्या काळातलं आहे ते."

आईनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हनतायत?"

मी सांगितलं. आई सरळ त्या गृहस्थांना मराठीत म्हणाली, "न्हाई. पंखावर काय काढायचं न्हाई." तिला भाषांतर लागलं नाही. आजी म्हणाल्या, "यांनी सांगितलं तेच." गृहस्थ हसले, थोडे ओशाळले, चहा घेऊन गेले. जाताना म्हणाले की मन बदललं तर कळवा. आजींनी ते गेल्यावर म्हटलं, माझ्या आजीला असं अंगणात उभं राहून नाही म्हणता आलं असतं तर!

मला त्या दिवशी वाटलं, आता हा पंख गॅरेजमध्येच राहणार. पण गॅरेजचं दार सगळा हिवाळा उघडं राहिल्याचा एक परिणाम झाला होता. गल्लीतले लोक फिरायला जाता-येता बघत होते. त्यातला एक गावातल्या शाळेत लाकूडकाम शिकवायचा. तो आठवड्यानं आला आणि म्हणाला, आमच्या वर्कशॉपचं छत उंच आहे, तिथं टांगू का? मुलं कितीतरी महिने घरी स्क्रीनसमोर बसली आहेत, त्यांना हातानं केलेलं काहीतरी बघायला मिळेल. रंगाचं त्यानं काही विचारलंच नाही. आजींनी मात्र विचारलं, खाली पाटीवर काय लिहिणार? तो म्हणाला, तुम्ही सांगाल ते. आजींनी सांगितलं: विमान, लढाईच्या आधीचं, ज्यांनी बनवलं त्यांत एक सुतार, एक सायकलवाला आणि एक शिवणारी.

जुलैमध्ये शाळा रिकामी असताना पंख ट्रेलरवरून नेला. सगळी गल्ली बाहेर आली होती. नवऱ्यानं सुट्टी घेतली आणि शिक्षकाबरोबर दोऱ्या ओढल्या. पंख वर गेला, जरासा फिरला, स्थिर झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते माना वर करून उभे होते. मी त्याच्या खाली उभी राहून पाहिलं. सोळा महिने कोणत्याच पंखाला कामासाठी हात लावायचा नाही असं जिला सांगितलं होतं, तिनं बघता बघता एक पंख पुरा केला होता. तिथंच मी ठरवलं की आता वाट बघायची नाही. वसाहतीतल्या दुसऱ्या एका दुरुस्तीच्या कंपनीला मी त्याच आठवड्यात फोन केला. मुलाखतीत त्यांनी विचारलं, मधल्या काळात काय केलं? मी फोटो दाखवले. ते फोटो टेबलाभोवती दोनदा फिरले. सप्टेंबरपासून मी कामावर जायला लागले.

आई ऑक्टोबरमध्ये गेली. निघताना आजी फाटकापर्यंत आल्या. आई म्हणाली, "या आमच्याकडं कराडला." आजी म्हणाल्या, "या," आणि दोघी हसल्या, कारण आता त्या शब्दाचे दोन्ही अर्थ दोघींना माहीत होते.

नोव्हेंबरात आजींना शाळेनं मुलांशी बोलायला बोलावलं. शॅननमध्ये पन्नासहून जास्त वर्षं राहून त्या कधी चारचौघांत आपल्या गावाबद्दल बोलल्या नव्हत्या. मी त्यांना गाडीनं नेलं. त्यांनी सगळं सांगितलं, क्रूस आणि कुऱ्हाडीसकट. परत येताना मी विचारलं, कसं वाटलं? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हलकं."

त्यानंतर एका रविवारी मी आईला फोन केला तर तो सारखा व्यस्त. तासाभरानं लागला. "कोणाशी बोलत होतीस एवढं?" मी विचारलं.

"जर्मनताईंशी. व्हिडिओवर."

"भाषांतर कोणी केलं?"

"कशाला पायजे भाषांतर? त्यांनी नातवाची पँट दाखवली, गुडघ्याला फाटलेली. मी दाखवलं कुठून टाका घालायचा ते. त्या म्हनल्या न्हाई, तसा न्हाई. मग भांडलो जरा." मागं क्लासमधल्या मशिनींचा आवाज येत होता. पुन्हा बायका यायला लागल्या होत्या. "बरं, ठेव आता. पुढच्या रविवारी त्या मला बाहीचं दाखवनार हायेत."